मॉरिसची डावी बाजू

जुन्या गाडीचे फोटो मी सकाळी काढत नाही. पत्र्यावर दव असलं की मेलेला रंगही चमकतो, आणि फोटो बघून लांबून आलेला माणूस मग आपल्याकडे फसवल्यासारखा बघतो. दुपार कलल्यावरचं ऊन बरं. त्यात गंज, पुट्टी भरलेल्या जागा, दारांच्या वाकड्या फटी, सगळं दिसतं.

मी जालन्याला राहते. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून बरीच वर्षं विम्यासाठी अपघातातल्या गाड्या तपासल्या. त्या फिरण्यात जुन्या विलायती गाड्या नजरेस पडायच्या. एखाद्या दवाखान्यामागे ऑस्टिन, जिनिंगच्या गोदामात हिलमन, आत कोंबड्या बसलेल्या. पुण्या-मुंबईत या गाड्यांचे शौकीन आहेत. गाडी शोधायची, तपासायची, खरी माहिती पाठवायची, जमलं तर पोचवायची, हा माझा जोडधंदा झाला. नवरा होता तेव्हा त्यालाही याची हौस होती. मिथुन बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात नोकरीला होता. सुट्टीच्या दिवशी आम्ही निघायचो. गाडी मी चालवायचे, तो डावीकडे बसून अखंड बोलायचा. एके दिवशी कामावरच त्याचं हृदय बंद पडलं. आता डावीकडच्या सीटवर माझी पर्स असते.

दिवाळी झाल्यावर कल्याणचा फोन आला. त्याचं जुन्या जालन्यात बियाण्यांचं दुकान आहे.

"ताई, आमच्या आबांची मॉरिस विकायचीय. गाडी चालू हाये. आबाच चालवतेत."

"वय काय आबांचं?"

"ऐंशीच्या वर. मोतीबिंदू हाये. म्हणून तर जल्दी करा म्हणतो."

वाटूर ओलांडून परतूरच्या रस्त्याने थोडं पुढे गेलं की त्यांची वस्ती लागते. स्लॅबचं साधं घर, पुढे फरशीचं अंगण, एका बाजूला पत्र्याची शेड, शेडमध्ये वेचलेल्या कापसाचा ढीग आणि त्याला लागून मॉरिस मायनर. चार दारांची, मळकट हिरवी, पुढची काच मधोमध दुभागलेली. दिवे लावून इंडिकेटर द्यायच्या आधीच्या काळातली. वळायचं असलं की दोन दारांमधल्या खांबातून एक केशरी हात बाहेर पडतो, तशी. असे हात बहुतेक गाड्यांचे मोडलेले असतात. हिचे दोन्ही शाबूत होते.

बद्रीनाथ आबा बाजेवर बसले होते. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"बघा. बराबर बघा. काही लपवायचं न्हाई."

मी खाली शिरून बघितलं. तळ चांगला होता. किल्ली फिरवल्यावर पेट्रोलचा पंप टिकटिकला, स्टार्टरचा खटका ओढल्यावर इंजिन पहिल्याच वेळी लागलं. एकच गोष्ट खटकली. अशा गाडीत चालवणाऱ्याची सीट झिजलेली असते, शेजारची नवी राहते. इथे उलटं होतं. डावीकडच्या सीटचं कातडं काळवंडून मऊ पडलं होतं आणि तिच्यात खोल खळगा होता. मला वाटलं, त्या बाजूचं सस्पेन्शनही गेलं असणार. टेप काढून दोन्ही बाजूंची उंची मोजली. सारखी भरली.

"चालवून बघू का?" मी विचारलं.

"मी चालवतो. तुम्ही मागं बसा."

"पुढं बसले असते तर इंजिनाचा आवाज नीट..."

"पुढं न्हाई, ताई. मागं."

मी मागे बसले. आबांच्या डोळ्यांची मला भीती वाटत होती, पण रस्ता त्यांच्या हातांना पाठ होता. दोन्ही बाजूंना बोंडं फुटलेली कपाशी, मग कमरेएवढी ज्वारी. ट्रॅक्टर समोरून आला तर ते आवाजावरूनच बाजूला घ्यायचे. थोडं गेल्यावर डावीकडे एक कच्चा रस्ता फुटतो. तो फाटा म्हणजे नुसती एक बाभूळ आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. थांबायला कारण नव्हतं. आबांनी वेग कमी केला. खट्ट आवाज झाला, डावा केशरी हात बाहेर आला.

गाडी बाभळीजवळ उभी राहिली. आबा वाकले आणि त्यांनी आतूनच डावीकडचं दार उघडलं. इंजिन हलकं घुरघुरत होतं. बाहेर कुणी नव्हतं. मी मागची काच खाली घेऊन बघितलं. ज्वारीची पानं एकमेकांवर घासत होती, एवढंच.

मग गाडी डावीकडे बसली.

माणूस गाडीत बसतो तशी. आधी जरा कलली, मग स्थिर झाली. सीटच्या स्प्रिंगा करकरल्या. आबांनी हात लांबवून दार ओढून घेतलं, केशरी हात आत गेला आणि आम्ही निघालो.

"आबा, डाव्या बाजूला काहीतरी..."

"काही न्हाई झालं तिला. गाडी चांगली हाये."

वाटूरच्या अलीकडचा चढ लागला तसा त्यांनी गिअर खाली घेतला. इंजिनावर ओझं आल्याचं मला पायांतून कळत होतं. वाटूरला चहाच्या टपऱ्यांपाशी गाडी फिरवून आम्ही परत आलो. सगळ्या वाटेवर मध्येमध्ये आबांची मान किंचित डावीकडे झुकायची. कुणाचं तरी ऐकताना झुकते तशी.

अंगणात गाडी थांबल्याबरोबर मी उतरले आणि टेप काढली. डावी बाजू तीन बोटं खाली होती.

"मोजलं?" आबा म्हणाले.

"मोजलं."

ते बोनेटला हात लावत पलीकडे गेले, डावीकडचं दार उघडलं आणि थोडे मागे सरकून उभे राहिले. घरी आलेल्या पाहुण्याला उतरवून घेताना उभं राहतात तसे. स्प्रिंगा करकरल्या. माझ्या डोळ्यांदेखत गाडी सरळ झाली. आबांनी दार लावलं.

मी चहा घेतला, कारण हात कशाला तरी लावायचे होते. कल्याणची बायको वंदना कप ठेवून लगेच आत गेली. आबा बशीत चहा ओतत बोलले. आवाज साधा होता.

"उषा माझी बायको. आम्ही जालन्याहून बाजार करून येत होतो. कल्याण मागं झोपला व्हता, चार-पाच वर्षांचा. त्या फाट्यावर म्हणली, थांबवा जरा. मी थांबवली. दार उघडून उतरली अन् म्हणली, आलेच मी. ज्वारीत गेली. ज्वारी तवा डोक्याच्या वर व्हती."

त्यांनी बशी खाली ठेवली.

"मग?"

"मंग काय. आली न्हाई. सगळं रान तुडवलं. हिरी उपसल्या. पोलीस झाले, देवऋषी झाले. न्हाई म्हणजे न्हाईच. मी रोज दुपार कलली की गाडी घेऊन तिथं जायचो. दार उघडून बसायचो. लोक हसायचे. अन् एक दिवस ती बसली."

"दिसल्या?"

"दिसायला कशाला पाहिजे? बाजूला माणूस बसलं तर कळत न्हाई का, ताई?"

कळतं. शेजारची जागा रिकामी असली तर त्याहून जास्त कळतं.

आबांची अट एकच होती. गाडी ट्रकवर चढवून न्यायची नाही. फाट्यावर थांबून, दार उघडून, तिला घेऊन न्यायची. "माझे डोळे गेले. एखाद दिवशी मला थांबताच आलं न्हाई तर ती तिथंच उभी राहील. कोनीतरी थांबणारं पाहिजे तिला."

कल्याण मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. गाडीपासून लांब आल्यावर म्हणाला, "आबांना मी कधी बोललो न्हाई. तुम्हाला सांगतो. मी दोनदा बसून आलोय मागं. मोठा झाल्यावर."

"मग?"

"आई बारीक व्हती हो. काडी. मामा म्हणायचे, वाऱ्यानं उडून जाशील. ती बसल्यावर गाडी अशी दबायची न्हाई." त्याने चपलेने खडा ढकलला. "ती आई न्हाई. घेऊन जा तुम्ही गाडी."

"कोण आहे मग?"

"मला काय माहीत? पण आबा इतकी वर्षं त्याच्या आशेवर जगले. कसं सांगू?"

मी घरी येऊन माहिती लिहिली. इंजिन मूळचं, रंग एकदा दिलेला, डावीकडची सीट झिजलेली. बाकी काय लिहिणार? पुण्याच्या तृप्ती मॅडमनी फोटो बघून लगेच होकार कळवला. त्यांच्याकडे अशा विलायती गाड्यांची रांग आहे. त्यांचा ट्रक जालन्याच्या बाहेर एका पेट्रोलपंपावर येणार आणि तिथवर गाडी मी चालवत आणणार, असं ठरलं. फाट्यावर थांबायचं मी त्यांना सांगितलं नाही. माझं मी थांबणार होते. म्हाताऱ्या माणसाचं मन राखायचं, इतकंच, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

न्यायच्या दिवशी आबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. त्यांनी गाडीवरून सगळीकडून हात फिरवला. डावीकडच्या दाराच्या मुठीवर तो जरा थांबला.

"तुम्ही फाट्यापर्यंत येता का?" मी विचारलं.

"न्हाई. मी दिसलो तर ती उतरंल. तुमच्यासंगं जाऊ द्या तिला. बसली की फोन करा."

मी निघाले. आरशात ते बराच वेळ हात वर करून उभे दिसत होते. त्यांना मी दिसत नव्हते.

बाभळीजवळ आल्यावर मी गाडी हळू केली. डावा केशरी हात बाहेर पडला. पर्स मी मागच्या सीटवर टाकली होती. का, ते तेव्हा मनात आलं नाही. मी वाकून दार उघडलं. ऊन कललं होतं. ज्वारी हलत होती.

काहीच झालं नाही. मला हसू आलं. इतकी निराशा होईल असं वाटलं नव्हतं.

मग गाडी दबली.

मी समोर बघत राहिले. स्प्रिंगा करकरल्या. आणि सीटखालचा खटका ओढल्याचा आवाज आला, लोखंडावर लोखंड, आणि ती सीट रुळांवरून मागे सरकली. पार शेवटपर्यंत.

उषाबाई बुटक्या होत्या. घरातला फोटो मी बघितला होता. मिथुन सहा फूट होता. माझ्याच काय, कुणाच्याही गाडीत बसला की पहिलं काम सीट मागे घेण्याचं.

मी दार ओढून घेतलं. मी गिअर टाकला. चढावर इंजिन जड झालं, तेही मला आवडलं. वाटूरच्या गर्दीतून, रसवंत्यांपुढून, उसाच्या गाड्यांमधून मी सावकाश आले. मंठ्याकडून येणारा मोठा रस्ता लागला. कितीतरी दिवसांनी मी दोघांसाठी गाडी चालवत होते. खड्डे चुकवत होते. कोपऱ्यावर जपून वळत होते.

"मिथुन?" मी म्हणाले.

सीट किंचित करकरली.

फोन वाजला. मी गाडी कडेला घेतली. आबा होते.

"बसली का?"

"बसली, आबा."

त्यांच्याकडून वारा ऐकू येत होता, आणि वाऱ्यात पानांची सळसळ.

"तुम्ही कुठे आहात?"

"फाट्यावर. राहवलं न्हाई. आलो चालत." त्यांना धाप लागली होती. "ताई, बराबर बसली न?"

"हो. बसल्यात."

"मंग ही कोण उभी हाये?"

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"आबा?"

"बाभळीखाली. मला दिसून राह्यली." त्यांच्या आवाजात भीती नव्हती. तो आवाज मी त्यांच्या तोंडून आधी ऐकला नव्हता. एखाद्या तरण्या माणसाचा वाटावा असा. फोन तोंडापासून दूर गेला. "किती येळ लावला गं," ते कुणाला तरी म्हणाले.

मग नुसती ज्वारी वाजत राहिली.

मी फोन बंद केला. शेजारी बघितलं नाही. डोळ्यांच्या कडेला सीटचं मऊ पडलेलं कातडं होतं आणि त्यातला खळगा होता. खळगा भरलेला होता, एवढं मला कळत होतं. कशाने, ते कळत नव्हतं.

मी कल्याणला फोन लावला. तो मोटारसायकल घेऊन धावला. आबा त्याला वाटेतच भेटले, एकटे, घराकडे येताना. धोतराला कुसळं लागली होती. घरी येऊन ते पोटभर जेवले आणि शांत झोपले, असं वंदनाने नंतर मला सांगितलं. त्यानंतर ते फाट्यावर कधी गेले नाहीत. गाडी कुठे आहे, कुणाकडे गेली, काही विचारलं नाही. संक्रांतीच्या सुमारास मी भेटायला गेले तेव्हा बाजेवर ऊन खात बसले होते. माझा आवाज ओळखून हसले.

"आली ती," म्हणाले. "झालं."

होळीच्या आधी एका दुपारी ते झोपेतच गेले. कल्याण म्हणाला, चेहरा इतका निवांत होता की आधी कुणाला कळलंच नाही.

गाडी तृप्ती मॅडमकडे गेली नाही. त्या दिवशी पेट्रोलपंपावर त्यांचा ट्रक उभा होता, फळ्या लावून तयार. ड्रायव्हरने हात केला. मी वेग कमी केला नाही. रात्री मॅडमना कळवलं की सौदा मोडला, आणि गाडी मीच ठेवून घेतली. त्या भयंकर चिडल्या. त्यांचं बरोबर होतं.

मी तपासणारी बाई आहे, त्यामुळे तपासल्याशिवाय राहिले नाही. कल्याणच्या दुकानातून बियाण्यांची पोती आणून डाव्या सीटवर ठेवली आणि टेप लावली. मिथुनच्या वजनाइतकी ठेवली तेव्हा गाडी दीड बोट दबली. तीन बोटं दाबायला त्याच्या दुप्पट लागलं, आणि माझ्या शेजारीही ती तीनच बोटं दबते. टेप मी घडी घालून आत ठेवली.

तेव्हा तो मिथुन नाही, हे मला माहीत आहे. तो असता तर एव्हाना बोलला असता. वाटूरच्या चहाबद्दल, ज्वारीवर पडलेल्या रोगाबद्दल, कशाबद्दल तरी. इतका वेळ गप्प बसणं त्याला जमलंच नसतं. आणि तरीही सीट मागे सरकते तेव्हा मला जे वाटतं, ते त्याच्यासाठीच असतं.

आठवड्यातून एकदा, काम लवकर संपलं की मी मॉरिस काढते, डावीकडची सीट पुढे घेऊन ठेवते आणि परतूरच्या रस्त्याला लागते. ज्वारी निघाली, रान उघडं पडलं, मग नवी पेरणी झाली. बाभळीखाली लपायला जागा अशी काही उरलेली नव्हती तेव्हाही गाडी दबली. येताना मी बोलते. दिवसभरात काय झालं ते सांगते. कुणीतरी ऐकतं.

घराखाली गाडी लावली की मी पलीकडे जाऊन दार उघडते आणि थोडी मागे सरकून उभी राहते. गाडी सावकाश सरळ होते. मग मी कुलूप लावते आणि जिना चढून वर येते. दिवा लावते, पाणी पिते, मिथुनच्या फोटोकडे बघत नाही.

आणि घराचं दार थोडा वेळ उघडंच ठेवते.